काळं तेल

बर्गर आणि चिप्सच्या त्या दुकानात सगळे तिला ताईच म्हणत. फ्रायरसमोर तिची अकरा वर्षं गेली होती. तेल खराब होऊ लागलं की तिला नुसत्या वासावरून कळायचं. मग कुणाला न विचारता ती फ्रायर रिकामा करायला घ्यायची.

मग यंत्र आलं. टोपल्या आपोआप तेलात उतरत, आपोआप वर येत. तेल चांगलं की वाईट, ते एक दिवा ठरवी. तळणाऱ्या दोघींना घरी पाठवलं. ताईला ठेवलं, ते खोके भरायला आणि यंत्राखालचा ट्रे खरवडायला. ट्रेमध्ये तपकिरी, चिकट साका साचायचा, जखमेवरच्या खपलीसारखा. शिवाय भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकीचे सेकंद मोजले जात. साबणाने हात धुवायला गेलं की नावापुढे लाल खूण: 'काम थांबले'. आठवडाभरात खोके भरणाऱ्या पोरींनी हात धुणंच सोडलं. घाम पुसलेला हात एप्रनला पुसायचा आणि पुढचा खोका उचलायचा. ताईला बघवेना. ती हात धूतच राहिली आणि तिच्या नावापुढे लालच लाल झालं.

एका दुपारी तेलाला जळक्या रबरासारखा वास सुटला. दिवा हिरवाच.

"साहेब, हे तेल टाकून द्या," ती मॅनेजरला म्हणाली.

"दिवा हिरवा आहे ना, ताई? मग झालं तर! यंत्राला काय तुमच्यापेक्षा कमी कळतं?"

"कळत असेल. पण त्याला नाक नाही."

नेमके मुख्य कचेरीतले मोठे साहेब पाहणीला आले होते. ताईने डावभर तेल वाडग्यात काढून त्यांच्यासमोर ठेवलं. काळं, फेसाळ, करपलेले कण गरगरताहेत. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि मॅनेजरकडे वळले.

"आकडे छान आहेत तुमचे. गिऱ्हाइकामागे नऊ सेकंद वाचलेत."

ताईने त्याच तेलातल्या चिप्स पुढे केल्या. "घ्या ना साहेब, गरम आहेत."

"छे छे! मी असलं काही खात नाही."

ताईच्या डोक्यात सणक गेली. रांगेत एक बाई चिमुरडीला कडेवर घेऊन उभी होती. ताईने यंत्र बंद केलं आणि रांगेला मोठ्याने सांगितलं, "तेल खराब झालंय. बदलतेय. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा." काहीजण कटकट करत निघून गेले, बरेचसे थांबले. चाळीस मिनिटं तिने यंत्रातलं तेलाचं भांडं घास घास घासलं. मॅनेजर ओरडत होता, पण त्या चिकट्याला हात लावायची त्याची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

घरी तिची धाकटी बहीण चिडली. "दुसरं काम मिळेपर्यंत तोंड बंद ठेवता आलं नाही तुला?"

"तोंड बंद ठेवलं असतं गं. नाकाचं काय करू?"

पुढे तिला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. केसांतला तेलकट वास जायला मात्र कितीतरी दिवस लागले. त्या दुकानापुढे अजून तेवढीच रांग असते. ताई लांबूनच रस्ता ओलांडते.