आर्वीकडच्या स्विचची साक्ष

मे महिन्यात वर्ध्याला दोनच माणसं जातात: ज्याची सासुरवाडी तिथे आहे तो, आणि ज्याच्यावर साहेबाचा राग आहे तो. मी दुसऱ्या जातीतला. पुण्याहून येऊन सकाळी नऊला स्टेशनवर उतरलो तेव्हाच ऊन कानशिलं भाजत होतं. पुलगावला एसटी बदलून रोहण्याच्या पुढच्या एका शिक्षणसंस्थेत पोचलो.

कॉम्प्युटर विभाग मेश्राम मॅडम एकट्या सांभाळत. नोकरी कराराची. रोज दुपारी सगळं नेटवर्क बंद पडायचं आणि त्याच काहीतरी करतात, असा संस्थेच्या साहेबांचा ग्रह झाला होता. जूनमध्ये करार वाढणार नाही, असं त्यांनी सांगूनही टाकलं होतं. नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तो डबा, म्हणजे स्विच, वरच्या मजल्यावर साहेबांच्या खोलीत होता. तो स्वतःच्या घडामोडी नोंदवतो खरा, पण बंद पडला की सगळं विसरतो. म्हणून प्रत्येक नोंद त्याने लगेच दोन सर्व्हरांकडे धाडावी, एक इथला आणि एक संस्थेच्या नागपूर कार्यालयातला, अशी सोय करायला मी आलो होतो.

मॅडमनी आधी जेवायला घातलं. ज्वारीची भाकर आणि भेदराची (टोमॅटोची) चटणी. काय चव होती! मग मी स्विचला दोन्ही सर्व्हरांचे पत्ते दिले. नोंदी धडाधड येऊ लागल्या, मी खूश. मॅडम मात्र पडद्याकडे निरखून बघत होत्या.

"सर, याचं घड्याळ पाहा ना. ही तारीख माह्या लग्नाच्या आधीची हाय. असा कागद दाखवला तं साहेब मलेच हासतील."

इतकी वर्षं हेच काम करतोय, आणि वेळ लावायला विसरलो! मुकाट्याने घड्याळ लावलं.

दोन दिवस दुपारी सव्वाच्या सुमाराला एकच नोंद आली: स्विच नव्याने सुरू झाला. म्हणजे वीज जात होती. तिसऱ्या दिवशी त्या वेळी मी साहेबांच्या खोलीत जाऊन बसलो. साहेब जेवायला घरी गेले होते. शिपाई शेषरावभाऊ बादली घेऊन आले, भिंतीतला प्लग काढला आणि कुलरमध्ये पाणी भरू लागले. त्यांचं काही चुकत नव्हतं. चालू कुलरमध्ये पाणी ओतायचं नाही, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच प्लगवर चालणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डावर नेटवर्कचा स्विचही होता.

साहेबांना मी कुलरचा प्रकार सांगून इथल्या सर्व्हरवरचा कागद दाखवला. तो मॅडमनीच बनवला असेल, असं ते म्हणाले. मग नागपूरच्या सर्व्हरवरच्या नोंदींचा फॅक्स आला, मिनिटामिनिटाला जुळणारा; तिथे तर मॅडमचा हात पोचत नव्हता. साहेबांनी करारावर सही केली, स्विचला वेगळा प्लग द्यायला सांगितलं आणि माझी पाठ थोपटली.

मॅडम मला सोडायला एसटीपर्यंत आल्या. सही झालेला कागद पर्समध्ये घडी करून ठेवलेला.

"डब्याचं ऐकलं त्यायनं," त्या म्हणाल्या. "मी तं तीन महिन्यांपासून सांगून राह्यली होती, का वरतूनच लाइट जाते म्हणून."

मला लाज वाटली. पाठ थोपटून घेताना, घड्याळाची चूक मॅडमनीच पकडली, एवढं तरी मी साहेबांना सांगू शकलो असतो. पुण्याला येऊन अहवाल लिहिला तेव्हा पहिल्या ओळीत त्यांचं नाव घातलं. माझ्या साहेबांनी ते खोडलं. अहवालात फक्त यंत्राचं लिहायचं असतं म्हणे.