मंगळवारच्या बाई

सणसरच्या पुढं, इंदापूरकडं जाताना, उसाच्या आड आमची शाळा आहे. पाचवी ते आठवी. मी रुजू झाले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या कमी पडायच्या. मग पट घटला, आणि पटावरच पदं ठरतात म्हणून पदंही घटली. गणिताचे सर बदलून गेले, मुख्याध्यापक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरलो दोघं. मी आणि एक सर. मुख्याध्यापकांचा चार्ज सरांकडं आला, आणि चार्ज म्हणजे इंदापूरच्या बैठका. ते गेले की चारही वर्ग माझ्या एकटीवर.

सहावीत एक मुलगी होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या वडलांचं रस्त्यालगत पंक्चरचं दुकान होतं. तिच्यासाठी दर मंगळवारी बारामतीहून एक विशेष शिक्षिका स्कूटीवर यायच्या. लिंबाखाली बसून तिला हातांची भाषा शिकवायच्या. ती सकाळपासून फाटकाशी उभी असायची. हसायची तीही मंगळवारीच.

एका मंगळवारी त्या आल्या नाहीत. मी फोन लावला.

"मला आणखी केंद्रं जोडून दिलीत, बाई. एवढ्या शाळा एकटीनं कशा करू?"

"मग हिचं काय?"

"पुढच्या बाकावर बसवा. आणि एकटी सोडू नका. मागून काय येतंय ते तिला कळत नाही."

मी तिला पुढं बसवलं. पण निम्मा वेळ मी दुसऱ्याच वर्गात असायचे. हळूहळू तिनं माझ्या ओठांकडं बघणं सोडलं. दुपारच्या खिचडीनंतर उशिरा वर्गात यायला लागली. एकदा तिनं माझ्या टेबलावर गोगलगाईचे पांढरे शंख ठेवले. त्यांना ओलसर माती लागली होती. कुठून आणले, असं मी खुणेनं विचारलं. तिनं उसापलीकडं बोट दाखवलं. तिकडं कालव्याचं पाणी शेतांना नेणारी चारी होती, मागच्या वेळचं पाणी ओसरल्यापासून कोरडी पडलेली.

मी मान हलवून नाही म्हणाले. तिनंही मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंख.

मी तिच्या वडलांना जाऊन सांगितलं. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. "मी समजावतो तिला," ते म्हणाले. "पण शाळंत तुमी हाय ना, बाई? मग मला घोर न्हाय."

तो विश्वास मला पेलवेना. सरांना म्हणाले, "फाटकावर कुणीतरी पाहिजे."

"शिपायाची जागाच मंजूर नाही. वर कळवलंय."

"काही झाल्यावर वरचे येतील?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "बैठकीत मीही हेच विचारलं," ते म्हणाले.

आणि मग तो दिवस आला. सर इंदापूरला होते. खिचडी झाली, मुलं आत आली, पुढचा बाक रिकामा. मी मुतारीत पाहिलं, लिंबाखाली पाहिलं. आठवीतली एक मुलगी सहज बोलली, "बाई, चारीला पानी सुटलंय. आमच्या उसाला आज भरनं हाय."

खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी सांगितलं, "सगळ्यांना एका खोलीत बसवा. कुणाला बाहेर सोडू नका." आणि धावले. ऊस डोक्याच्या वर गेलेला, दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मी सवयीनं तिला हाका मारत होते. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, त्याचा काही उपयोग नाही.

चारीच्या कडेला पोचले तर वरच्या अंगानं गढूळ पाणी येत होतं, पुढं पाचट आणि फेस ढकलत. खालच्या अंगाला गाडीवाटेखालून पाणी जायची मोरी होती. तिच्या तोंडाशी, पाण्याकडं पाठ करून, ती उकिडवी बसली होती.

मी घसरतच खाली उतरले आणि तिला मागून धरलं. कोण आहे ते तिला दिसलं नाही. ती घाबरून माझ्या मनगटाला चावली. पाणी घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना. कशीबशी तिला काठावर ओढली. मग तिनं वळून पाहिलं. मघाशी बसली होती तिथं आता नुसतं पाणी होतं. ती माझा पदर धरून राहिली.

संध्याकाळी वडील आले. मी काही न लपवता सांगितलं.

"तुमी काढली तिला. तुमच्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "पर पुन्यांदा असं झालं, आन् तुमी दुसऱ्या वर्गात असला तर?"

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बारामतीला अशा मुलांची निवासी शाळा आहे, त्या शाळेबद्दल मी घरी जाऊन सांगितलं. तिची आई तयार होईना. आता ती दुकानात बसते, वडलांच्या हातात पाने-पकडी देते. मी गेले की बघते आणि मान वळवते. आमच्या दोघींपाशी मोजक्याच खुणा होत्या, त्याही ती वापरत नाही.

सर येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतील. आम्ही केलेल्या शिक्षक-शिपायाच्या मागणीला उत्तर आलं, की भरती होईपर्यंत शाळा स्तरावर व्यवस्था करावी.

गेल्या आठवड्यात पाचवीतला एक मुलगा वाचता वाचता थांबला, डोळे फिरवून बाकाखाली कोसळला. मी तेव्हा आठवीवर होते. पोरं सांगत आली, तोवर तो उठून बसला होता. किती वेळ पडला होता, विचारलं तर कुणी काही, कुणी काही सांगतं. तेव्हापासून मी दारात उभी राहून शिकवते. तिथून दोन वर्ग दिसतात. उरलेले दोन दिसत नाहीत.