बाटली भरलेलीच परत

आमचे हे क्रेन चालवतात. लोखंडी पाइपांच्या यार्डात दोन क्रेन आहेत. एकीवर हे आणि दुसरीवर माझा धाकटा भाऊ. केबिनपर्यंत ऐंशी पायऱ्यांची उभी शिडी. सकाळी आठला चढायचं आणि एकची घंटा झाली की उतरायचं. मध्येच कोणी उतरला, तर त्याचं नाव, वेळ आणि कारण मी फाटकाजवळच्या माझ्या खिडकीत बसून वहीत लिहायचं. बावीस वर्षांत यांचं नाव त्या वहीत एकदाही आलं नव्हतं.

याचं कारण, हे कामावर पाण्याचा थेंबही घ्यायचे नाहीत. यार्डात यांना उंट म्हणत आणि यांना ती पदवी वाटे. मध्येच उतरणाऱ्याला हे 'लिफ्ट' म्हणून चिडवत. माझ्या भावाला काम शिकवताना पहिला धडा हाच दिला: ब्रेक लावायला नंतर शीक, आधी तहान आवर.

अकरा वर्षांपूर्वी पहिला मुतखडा पडला. मोहरीएवढा होता. यांनी तो औषधाच्या रिकाम्या कुपीत जपून ठेवला. पुढे त्याला भावंडं झाली. पाहुणे आले की चहानंतर ती कुपी निघायची, आणि कळ कमरेतून जांघेत कशी उतरते ते हे उभं राहून दाखवायचे. ज्याने त्याने उपाय सांगितले: लिंबू सरबत, जवाचं पाणी, आणखी काय काय. सगळेच पिण्याचे, म्हणून हे ते फक्त रविवारी घ्यायचे. कळ आली की मात्र गुडघे पोटाशी घेऊन न्हाणीघराच्या फरशीवर पडायचे आणि मी दाराबाहेर बसून राहायची. मला तेव्हा कीव येत नसे, राग येई. त्या रागाची मला अजूनही लाज वाटत नाही.

शेवटी एका खड्याने उजव्या मूत्रपिंडाची वाटच अडवली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? यांनी मान ताठ करून सांगितलं, संध्याकाळपर्यंत एक घोटही नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही कौतुकाने सांगताय?"



पाठीला छोटं भोक पाडून, दुर्बीण घालून त्यांनी खडे फोडून काढले. घरी आल्यावर हे पाय लांब करून दुपारभर झोपले आणि उठल्यावर रडले. इतकं सोपं होतं तर अकरा वर्षं कशाला काढली, असं मलाच विचारू लागले. उत्तर दिलं असतं तर यांचे टाके उसवले असते.

बाईंनी बजावलं होतं: रोज तीन लिटर पाणी, नाहीतर खडे परत होतील, आणि पुढच्या वेळी मूत्रपिंड वाचेलच असं नाही. दीड महिन्याने हे कामावर गेले. मी मोठी बाटली भरून दिली. ती भरलेलीच खाली आली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी बोलले की म्हणायचे, या वयात लिफ्ट होऊ का?

नवव्या दिवशी साडेदहाला दुसरी क्रेन थांबली. खालच्यांना वाटलं, वीज गेली. यांनी मात्र आपल्या केबिनमधून माझ्या भावाला कमर दाबून पुढे वाकलेलं पाहिलं. ते वाकणं यांच्याइतकं कोण ओळखणार? हे उतरले. सगळ्यांदेखत, बाटली खांद्याला अडकवून, यार्ड ओलांडून गेले आणि दुसरी शिडी चढले. खालून मला दिसलं, यांनी आधी स्वतः घटाघटा अर्धी बाटली संपवली, मग ती त्याच्या हातात दिली. हे तेव्हा काय म्हणाले ते भावाने नंतर सांगितलं.

"मी तुला चुकीचं शिकवलं."

एकेक पायरी करत दोघे खाली आले. भावाला दवाखान्याच्या गाडीत बसवून हे माझ्या खिडकीपाशी आले. मागे निम्मं यार्ड उभं होतं.

"दोघांची नावं लिही."

"त्याचं कारण आजारपण. तुमचं?"

"लघवी," हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि खाली जागा सोडून ठेव. दर दोन तासांनी लागेल."