नावेत कोणी उठायचं नाही

नवस बोलताना माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. माझंही नव्हतं. लेक विषमज्वरानं फणफणलेली, डॉक्टर नुसतीच मान हलवून गेलेले, आणि मी तिच्या उशाशी बसून भलतंच काहीतरी कबूल करून बसले. माझं माहेर देवासचं. आमच्याकडे टेकडीवरच्या देवीला बोलतात. पोराला कडेवर घ्यावं, पायऱ्या चढाव्या, नारळ फोडावा की मोकळं. मी मात्र सासरी, धार गावातल्या त्या खोलीत नर्मदेला बोलले की पोर वाचली तर तिला घेऊन नावेतून येईन आणि मधल्या धारेत तुझी ओटी भरीन. जिनं गुडघाभर पाण्यातही कधी पाय घातला नव्हता, ती मी!

पोर वाचली आणि माझी झोप उडाली. ती नुसती शिंकली तरी वाटे, नर्मदा आठवण करून देते आहे. बरं, फेडायला जावं तर जिच्या जिवासाठी बोलले तिलाच पाण्यावर न्यायचं. सासूबाई म्हणत, "एकदाचं फेडून टाक बाई." नवरा म्हणे, "पुढच्या हिवाळ्यात बघू." असे हिवाळे जात होते. मी रात्रंदिवस आतल्या आत धुमसत होते आणि भांडी आपटत होते.

शेवटी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते काम अंगावर घेतलं. संस्थान होतं तेव्हा दरबारच्या स्वाऱ्यांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. मुक्काम कुठे, कोणी पुढे चालायचं, कोणी मागे, सगळं ते ठरवत. संस्थान विलीन झालं, मामंजी पेन्शनीत निघाले, आणि दरबारातलं एवढंच घरात उरलं की ते उभे असले की कोणी बसायचं नाही. ते खोलीत आले की आम्ही उठायचं, ते टेकले की आम्ही टेकायचं. त्यात त्यांना दिवसभर येरझाऱ्या घालायची सवय. पोळ्या लाटता लाटता मी किती वेळा उठत असेन! मला त्याचा मनस्वी राग यायचा, पण बोलायची सोय नव्हती.

सहलीचं ठरलं आणि त्यांचा चेहराच बदलला. पावसाळ्याचं पाणी निवळलं की दिवाळीनंतर निघायचं. महेश्वराहून बसायचं नाही, कारण खाली सहस्रधारेचे खडक आहेत. खलघाटाला बसायचं आणि प्रवाहाबरोबर सावकाश धरमपुरीला उतरायचं. नाव रुंद बुडाची हवी. लेकीच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा. त्या भोपळ्याच्या दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला, हे मात्र मी घालून दिलेलं कलम होतं. आणि सगळ्यांत पहिला नियम मामंजींनी करड्या आवाजात सांगितला, "नावेत कोणी उठायचं नाही. काही झालं तरी नाही."

अंगणात सतरंजी अंथरून त्यांनी आमच्याकडून तालीमसुद्धा करून घेतली. सतरंजी म्हणजे नाव. कोणी कुठे बसायचं ते वजनावर ठरलं, आणि सासूबाईंना अगदी मधोमध बसवल्यामुळे त्या दोन दिवस फुगून होत्या. धाकटे दीर इंदूरला शिकायला होते, ते सुटीत आलेले. ते नावाड्याची नक्कल करत ओरडले, "ओ भिया, माँजी को मत हिलाना, नाव का लंगर है!" मामंजी सतरंजीच्या बाहेर काठी घेऊन उभे होते. ते उभे, म्हणून आमच्यातलं कोणी बसेचना. तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मी इथे नाहीच असं समजा." तसं समजून आम्ही बसलो. तालीम उत्तम झाली.

सर्व्हिस मोटारीनं धामनोदवरून खलघाटाला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पाणी इतकं शांत की मलाच माझ्या भीतीची लाज वाटली. तरी नावेत पाय ठेवल्यापासून माझं लक्ष किनाऱ्याकडे नव्हतं, टेकड्यांकडे नव्हतं. लेक जरा हलली की मी दोरीला हिसका देत होते. "आई, दुखतंय," ती म्हणाली. "दुखू दे," मी म्हणाले.

मधली धार आली तसं नावाड्यानं वल्हं उचलून धरलं. म्हणाला, "बाईजी, यहीं है मैया की बीच धार." ओटी दोन्ही हातांनी भरायची, म्हणून मनगटाची दोरी सोडावी लागली. लेकीला गुडघ्याशी दाबून बसवलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड सगळं ओंजळीत घेतलं. तोंडातून शब्द फुटायचा होता, तेवढ्यात समोर बसलेले मामंजी उठले. जन्मभर मोठ्यांपुढे ते उभंच राहत आले होते. नर्मदेपुढे ते बसून कसे राहणार? पगडीला हात लावून ते वाकले आणि मुजरा करू लागले.

आणि आम्ही सगळे उठलो. नवरा उठला, दीर उठले, सासूबाई मधोमध उठल्या. मीही उठले. कोणी विचार केला नव्हता, गुडघेच आपोआप उठले होते. नाव एका अंगाला कलली. "बैठो! अरे बैठ जाओ सब!" नावाडी ओरडत होता आणि एकही माणूस बसत नव्हता, कारण मामंजी अजून उभे होते. पाणी काठावरून आत आलं. लेक घसरत कडेला गेली, तिचे दोन्ही पाय बाहेर गेले. माझ्या ओंजळीतली ओटी कुठे गेली ते मी पाहिलंच नाही. मी भोपळा धरला. भोपळाच धरला मी, पोर नाही, आणि त्या भोपळ्यासकट तिला पोटाशी ओढलं.

मामंजींनी मान वर केली तेव्हा त्यांना ते दिसलं. ते धपकन खाली बसले. लगेच आम्ही सगळे बसलो.

लेक रडत होती, तिचे दात वाजत होते. उडालेल्या पाण्यानं पगडी भिजून मामंजींच्या कपाळावरून रंगाचा ओघळ आला होता. मग ते म्हणाले, "यापुढे मी उठलो तर कोणी उठायचं नाही."

"नावेत ना?" नवऱ्यानं हळूच विचारलं.

"कुठेच नाही."

ओटी भरली गेली की नाही, याचा घोर मला धरमपुरीपर्यंत होता. सासूबाईंनी तो मिटवला. "नर्मदेनं आपल्या हातानं घेतली," त्या म्हणाल्या, "आता आणखी काय हवं तुला?" मी मान्य केलं. लेकीच्या शिंकेला मी पुन्हा कधी घाबरले नाही.

पण घरी आल्यावर दुसरीच तगमग सुरू झाली. मामंजी आपल्या शब्दाचे पक्के. खोलीत यायचे, आम्ही बसून राहायचो. पहिले काही दिवस मला गंमत वाटली, पोळ्या एका बैठकीत होऊ लागल्या. मग लक्षात आलं की ते दारातच थबकतात. "बसा, बसा" म्हणायला त्यांचा हात अर्धा वर येतो, आणि आम्ही तर बसलेलेच असतो. बाहेर कोणी त्यांच्यासाठी उठत नव्हतं, ते कधीच संपलं होतं. उरलेलं हे एक घर होतं, तेही त्यांनी माझ्या पोरीपायी देऊन टाकलं. त्यांच्या येरझाऱ्या कमी होत गेल्या.

एका दुपारी मला ते पाहवेना. ते दारात आले आणि मी पिठाचे हात तसेच घेऊन मुद्दाम उभी राहिले. मामंजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आधी लेक कुठे आहे ते शोधलं. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून चिंचोके खेळत होती. ती जागची हलली नाही हे बघून मगच ते माझ्याकडे वळले.

"बस, सूनबाई," ते म्हणाले. "नाव हलेल."