डाव्या डोळ्याचं पाणी

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या डाव्या डोळ्याला मार लागला. लग्न होऊन मी आंबागडला आले होते आणि जवळच्याच एका गावात प्राथमिक शाळेवर शिकवत होते. रविवार होता. अंगणात मोहाचा वाळका बुंधा पडलेला होता. तो फोडायला गडी यायचा होता, तो आला नाही, म्हणून मीच कुऱ्हाड घेतली. माहेरी लाखनीला मी सरपण फोडतच होते, त्यात नवीन काही नव्हतं. दोन-चार घाव झाले आणि एक ढलपी उडून थेट डोळ्यावर बसली. रक्त आलं नाही, म्हणून घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. पुढच्या काही महिन्यांत त्या डोळ्यापुढे आधी धुकं आलं, मग कुणी दूध सांडावं तसं सगळं पांढरं झालं.

नागपूरच्या डॉक्टरांनी माराचा मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. मी पंचविशीतही नव्हते. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो एवढंच मला ठाऊक. ऑपरेशन झालं आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. डोळ्याच्या आतच भिंग बसवायची सोय तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. जाड भिंगाचा चष्मा दिला. पण उजवा डोळा धड होता. त्यामुळे डाव्याला सगळं मोठं दिसे आणि उजव्याला होतं तेवढंच. एका दाराची दोन दारं. नवरा समोर येऊन उभा राहिला की एक मोठा आणि त्याच्या खांद्याशी दुसरा लहान. चालताना मी भिंत धरायची. फळ्यावर लिहिताना ओळ वर जायची आणि मुलं माना तिरक्या करून वाचायची. शेवटी डॉक्टर म्हणाले, चष्मा तुम्हाला जमणार नाही, बुबुळावर लेन्स लावू.

ती लेन्स म्हणजे नखाएवढी, कडक प्लास्टिकची चकती. आमच्या घरात तिला सगळे काच म्हणत. लावायला शिकायला माझ्यासोबत माझे वडील आले होते. मी आरशासमोर बसून बोटावर ती काच घेऊन डोळ्याजवळ नेई आणि पापणी आपोआप मिटे. वडील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दर वेळी स्वतःचा डोळा मिटत होते. ते पाहून मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच कधीतरी काच जागेवर बसली. दवाखान्याच्या खिडकीतून रस्त्यावरची सायकल मला एकच दिसली. किती दिवसांनी काहीतरी एकच दिसलं होतं.

पहिला पावसाळा चांगला गेला. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच पाण्याची असते. धानाच्या बांध्या भरलेल्या, बोड्या म्हणजे लहान तळी भरलेली, भिंतीसुद्धा ओल्या. डोळ्यात काच आहे हे मी विसरून जाई. सकाळी लावायची, संध्याकाळी काढून डबीतल्या पाण्यात ठेवायची. धान कापून खळ्यावर आलं आणि ते सुख संपलं. मळणीचा भुसा, शाळेत खडूची भुकटी, घरात चूल. दुपार होईपर्यंत डोळ्यात रेती शिरल्यासारखं होई. चोळायचं नाही असं बजावलेलं होतं. मग मी हात पदराखाली धरून बसायची. डोळा लाल होई, नाक वाहू लागे. बाई रडतात, असं मुलांनी घरी जाऊन सांगितलं. मग दोन-तीन आया शाळेत येऊन माझी सासू मला त्रास देते का ते विचारून गेल्या.

माझी सासू म्हणजे मामी. मी त्यांना मामी म्हणत असे. त्या अस्सल झाडीपट्टीतल्या, बोलीही तिकडचीच. डोळ्याला डोरा म्हणत, शाळेला शारा. त्या त्रास देणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण गोड बोलणाऱ्यांतल्याही नव्हत्या. गावातून जो येई तो एक औषध सांगून जाई. कुणी गुलाबपाणी, कुणी एरंडेल, कुणी कांद्याचा रस, कुणी बाळंतिणीचं दूध. मामी सगळं ऐकून घेत आणि पाहुणा गेला की म्हणत, याच्या डोऱ्यात टाक म्हणावं आधी. एक दिवस मी धुरात भाकरी थापत होते आणि डावा डोळा मला उघडताच येत नव्हता. त्यांनी माझ्या हातातला गोळा घेतला.

"ऊठ तिथून," त्या म्हणाल्या. "आजपासून तू चुलीपाशी येऊ नको."

मी म्हणाले, लोक काय म्हणतील? त्यावर त्यांनी गोळा थापायला घेतला. लोक बोलले. मास्तरीण सून आयती जेवते आणि म्हातारी चुलीत मरते, हे पाणवठ्यावरून फिरून माझ्याच कानावर आलं. मला ते लागलं, कारण ते अर्धं खरंच होतं. मामी साठीच्या पुढे होत्या. संध्याकाळी मी वह्या तपासायला बसे तेव्हा त्या पाठमोऱ्या, फुंकणी घेऊन चुलीवर वाकलेल्या असत. माझा डोळा ठणकत असे, तरी त्यांना तसं पाहून बरं वाटत नसे. भाजी चिरून दे, पाणी भर, दळण आण, हे मी करतच होते. पण त्या काळी चुलीपाशी न बसणारी सून म्हणजे काम न करणारी सून, असाच हिशेब होता.

डॉक्टरांकडे गेले की ते थेंबांची बाटली देत. एकदा त्यांनी मला समोर बसवून पुस्तक वाचायला लावलं आणि म्हणाले, "बाई, तुमची पापणी अर्धीच मिटते. काच डोळ्याच्या पाण्यावर तरंगते. ते पाणी पसरवायचं काम पापणीचं. ती पूर्ण मिटली नाही तर काच घासणारच." तेव्हापासून मी शिकल्यासारखी डोळे मिटू लागले. मुलं पाढे म्हणायची तेव्हा दर ओळीला मी दोन्ही डोळे पूर्ण मिटून उघडायची. थोड्या दिवसांनी पाहते तर पहिलीची सगळी पोरं पाढे म्हणताना तसेच डोळे मिटत होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी ही नवीन पद्धत आहे का असं विचारलं. मी हो म्हणाले.

त्यानं थोडा आराम पडे. थेंबांनी घटकाभर पडे. पण डॉक्टर म्हणत, खरा आराम काच काढून ठेवल्यानेच पडेल, आणि तेच मला परवडत नव्हतं. काच काढली की जिन्याची पायरी कुठे आहे ते पायाला कळत नसे, सुईत दोरा जात नसे, आणि फळ्यापासून वळले की पहिल्या रांगेतलं पोरगं अंगावर आल्यासारखं वाटे. म्हणून मी सांगितल्यापेक्षा जास्त वेळ ती घालून राहायची. थकायची. नुसता डोळा नाही, कपाळ, मान, सगळंच थके. घरी येऊन कुणाशी बोलावंसं वाटत नसे. नवऱ्यानं एकदा विचारलं, काहून अशी गप्प राहून राहिली? मी म्हणाले, डोळा. त्याला तेवढं उत्तर पुरलं. तो शेतातला माणूस, दुखण्याबद्दल त्याला जास्त शब्द लागत नसत.

असंच एका मे महिन्यात मी लाखनीला माहेरी जाऊन परत येत होते. भंडाऱ्याला एक बस बदलली, तुमसरला दुसरी. भर दुपार होती. खिडक्यांना काचा नव्हत्या आणि बाहेरून भट्टीतून यावी तशी झळ येत होती. पुढे मॅंगनीजच्या खाणीकडचे ट्रक धूळ उडवत चालले होते. मी पदर तोंडावर घेतला, डोळे मिटून घेतले. थेंबांची बाटली घरी राहिली होती. बसमधून उतरले तेव्हा डोळा उघडला, पण पापणी आत कशाला तरी अडकत होती. घरी पोचून हात धुतले आणि काच काढायला गेले. रोजच्यासारखी डोळ्याच्या कोपऱ्याची कातडी बाजूला ओढली, पापणी मिटली, पण काच हलली नाही. ती बुबुळाला चिकटून बसली होती.

मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा केला. मग मला भीती वाटली. बोटाच्या नखानं ती उचकटून काढावी असं वाटायला लागलं आणि मी नख डोळ्याजवळ नेलंही. मामी दारातून पाहत होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"डोरा फोडतं का आता?" त्या म्हणाल्या. "बस. डॉक्टरनं काय सांगतलं होतं, ते सांग मले."

मी सांगितलं. सुकली तर ओढायची नाही, थेंब टाकायचे आणि थांबायचं. त्यांनी बाटली आणली, मला जमिनीवर आडवं केलं, माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. त्यांनी स्वतः कधी असलं औषध कुणाच्या डोळ्यात टाकलं नव्हतं. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानात गेला. मग एक डोळ्यात पडला. मी मिटून घेतलं. त्या म्हणत, उघड, मी उघडे. मीट, मी मिटे. मध्येच मी उठू लागले की त्या कपाळ दाबून धरत. बाहेर अंगण तापलं होतं, छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. ते सरकत सरकत भिंतीपाशी गेले तरी आम्ही तशाच. त्यांची मांडी नक्की भरून आली असणार. त्या एकदाही हलल्या नाहीत.

त्या दुपारी, तशी पडलेली असताना, मी रडले. दुखत होतं म्हणून नाही. फार दमले होते म्हणून. रोज सकाळी उठून ती काच घालायची, दिवसभर तिची काळजी करायची, संध्याकाळी तिला आंघोळ घालायची. अंगावरचं पोर सांभाळावं तसं ते चाललं होतं, आणि ते पोर मोठं होणार नव्हतं. मामींना हे काही मी सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "रड. पानीच पायजे हाय तिले." आणि थोड्या वेळानं पापणीखाली काच सरकल्याचं मला जाणवलं. उठून बसले, पापणी मिटली आणि ती तळहातावर पडली.

डॉक्टरांनी तपासून बुबुळावर ओरखडा असल्याचं सांगितलं. पट्टी बांधली, बरेच दिवस काच बंद. नंतर घालायचीच असेल तर फक्त शाळेपुरती, आणि दुपारी घरी आल्यावर डोळे मिटून पडायचं. दिवसाढवळ्या सुनेनं पडून राहायचं, हे आमच्या गावात बाळंतपणाशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मामींनी स्वतः चटई टाकून दिली आणि ओसरीवर आलेल्या बायकांना, ती झोपून राहिली, हळू बोला, असं बजावलं. त्या चटईवर मी झोपत नसे. डोळे मिटून नुसती पडून राहायची आणि पापणीखाली हळूहळू ओल भरत जायची.

अशी आणखी काही वर्षं ओढली. हिवाळा आला की तेच, उन्हाळा आला की तेच. एका वर्षी मळणी संपली तेव्हा मी नवऱ्याला जेवण घेऊन शेतात गेले होते. धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, बसून तो जेवत होता. मी म्हणाले, आता मी ती काच घालणार नाही.

त्यानं घास थांबवला. "मंग कसं करशीन?"

"एका डोळ्यानं."

त्यानं धान कापून रिकाम्या झालेल्या बांध्यांकडे पाहिलं. "जमते का?"

"माहीत नाही. पण ती घालून मला आता होत नाही."

"मंग नको घालू," तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

मला वाटलं होतं मामी सुटकेचा श्वास टाकतील. त्या रुसल्या. इतके दिवस मी चूल कायले सांभाळली, असं त्या शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी सकाळी उठून चुलीपाशी गेले तर त्या आधीच तिथे बसलेल्या. सरकल्या, अर्धी जागा दिली.

डॉक्टरांनी माझ्या चष्म्याच्या डाव्या बाजूला दुधी काच बसवून दिली, दोन प्रतिमांचा घोळ नको म्हणून. मुलांना तो चष्मा विचित्र वाटला आणि आठवड्याभरात वाटेनासा झाला. एका डोळ्यानं अंतर कळत नाही हे लोकांना सांगून पटत नाही. लोटा धरायला जावं आणि हात त्याच्या अलीकडेच मिटावा. चुलीपाशीच्या त्या पहिल्या सकाळी मी चहा ओतला तो कपाच्या बाहेर, थेट राखेत गेला. दुसऱ्यांदाही तसाच. मामींनी कप उचलून भांड्याच्या कडेला टेकवून धरला. चहा नीट कपात पडला. माझ्या नवऱ्याला हाक मारून त्यांनी कप त्याच्याकडे दिला आणि दुसरा कप धरला.