ऐनाखालचा पातेरा

माझी थोरली बहीण गेल्याचा निरोप घेऊन कर्जतहून तिचे घरमालक आले, तेव्हाही माझ्या तोंडात आधी विनोदच आला. तो गिळला, एवढंच. अशा माणसानं तिच्यावर लिहावं, हाही एक विनोदच...

ताई कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती. सुटीत खालापूरला आमच्याकडे आली की बांधावरच्या ऐनाच्या झाडाखालचा पातेरा, म्हणजे कुजत आलेली पानं, पत्र्याच्या नरसाळ्यात भरायची आणि वर दिवा लावायची. उष्म्यानं हैराण होऊन मातीतले कोळी, जाळं विणणारे नव्हेत, इंग्रजीतले माइट, खालच्या बाटलीत पडत. टाचणीच्या टोकाहून बारीक. "यांच्यात नरच नाही रं," ती सांगायची, "सगळ्या माद्या. अंड्यातच जिवाणू राहतात, आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला. त्यांनीच नर नकोसे केले असतील, असं मला वाटतं." ताईनं लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीच्या लग्नात भर मांडवात मी म्हणालो, "आमच्या ताईला किड्यांचा गुण लागला!" सगळे हसले. तीही हसली... जरा उशिरा.

कित्येक वर्षं खपून तिनं दोन वंशावळी मांडल्या होत्या. एक कोळ्यांची, दुसरी त्यांच्या पोटातल्या जिवाणूंची. कोळ्यांचं घराणं जिथं फुटलं, तिथंच जिवाणूंचंही फुटलेलं. इतकी जुनी सोबत, असं तिचं म्हणणं. वंशावळीतली एकच फांदी अडली होती, आणि तसले कोळी तिला फक्त आमच्या ऐनाखाली सापडले होते. प्रबंधाच्या परीक्षकांनी ते जिवंत बघायला मागितले. "तेवढा कोपरा झाडू नको रं," तिनं दोनदा बजावलं. मी दोनदा हो म्हणालो.

आणि भाताच्या रोपांची जागा भाजायला, राबाला, पाला कमी पडला तेव्हा तो कोपरा मीच झाडून नेला. ताई पोचली तोवर राख गार झाली होती.

"ऐनाखालचा कुठंय?"

"राबात गेला. अगं, पातेराच तर होता!"

"हो," ती म्हणाली. "पातेराच होता."

चिडली असती तर त्यावरही मी विनोद केला असता. म्हणूनच चिडली नसेल. दोन वर्षं ती ऐनाखाली गुडघे टेकून शोधत राहिली, मग यायचीच थांबली. प्रबंध राहिला. डेमॉन्स्ट्रेटर होती, डेमॉन्स्ट्रेटरच गेली.

तेव्हापासून त्या झाडाखाली मी कोणाला खराटा लावू देत नाही. परवा आमचा गडी वैतागला, "आवो, येवढा पाला फुकट चाललाय! काय हाय काय त्यात?"

पानं घोट्याच्या वर साचली आहेत. ते कोळी परत आले असतील, नसतील... ओळखणारं माणूस एकच होतं.