चकव्यात बसायचं असतं

मला आणि माझ्या भावाला लहानपणी ज्यानं मरणाच्या दारात नेऊन सोडलं, तो माणूस आज सकाळी गेला.

माझा सख्खा मामा. महाल भागातले पेंटर मामाजी.

रडून झालंय माझं. आता सांगते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मामाजी दिवसा दुकानांचे बोर्ड रंगवायचे आणि संध्याकाळी मुलांच्या एका मासिकासाठी कॉमिक काढायचे. त्यांचा हीरो रणजू. हाफपँट, खिशात गुलेल, आणि दर महिन्याला नव्या भुताशी फाइट.

भुतं सगळी मामीची. मामी कुहीकडच्या खेड्यातली. भाजी निवडता निवडता ती सांगायची, आम्ही पोरं भोवती बसून ऐकायचो, मामाजी काढायचे. हडळीचे पाय सरळ काढले म्हणून एकदा तिनं अख्खं पान परत काढायला लावलं होतं.

मग चकव्याचा नंबर आला.

चकवा म्हणजे रानात वाट चुकवणारं भूत. माणूस कितीही चालला तरी फिरून त्याच झाडापाशी येतो. मामी म्हणाली, चकवा लागला की जागीच बसायचं. हलायचं नाही. माणूस समोर दिसेपर्यंत हाकेला ओ द्यायची नाही. कोणीतरी शोधत येतं, नाहीतर आपोआप वाट दिसते.

मामाजी हसले. "हीरो बसून राहिला तर पोट्टे अंक घेतील काहून?"

मामी म्हणाली, "खोटं लिहून राहिले तुम्ही. पोरं वाचतात ते."

ऐकतील तर मामाजी कसले! रणजूनं डोळे मिटले, नाकासमोर धूम पळाला आणि चकव्याचं रिंगण फाटलं. ड्रॉइंग मात्र एक नंबर होतं, खोटं कशाला बोलू. तो अंक मी पाठ केला होता.

त्याच नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे मामीच्या माहेरी गेलो. मी नऊ वर्षांची, भाऊ बंडू सहाचा. दुपारी दोघंच बोरं वेचायला धानाच्या बांध्या ओलांडून पलीकडच्या झुडपात शिरलो.

परत फिरलो तर वाट नाही.

एक वाकडा पळस लागला. थोडं चाललो. पुन्हा तोच पळस. आणखी चाललो. पुन्हा तोच.

पण मी रणजूची पक्की चेली ना! बंडूला म्हटलं, "डोळे मिट आन् पळ. थांबू नको."

आणि त्याचा हात सोडला.

हात मी सोडला. इतकी वर्षं झाली, अजून ते मला गिळवत नाही.

काट्यांनी सोलून निघत मी गाडीवाटेवर पोचले. मागे बघते तर बंडू नाही. घसा सुकेपर्यंत हाका मारल्या. काही नाही.

गावात धावत गेले. माणसं निघाली. कोणीतरी म्हणालं, त्या झुडपात जुनी विहीर आहे, कठडा नाही तिला. एकजण दोर आणायला धावला.

मामाजींनी माझे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, काय सांगितलं होतंस त्याला? मी रडत रडत सांगितलं, रणजूसारखं पळ म्हणून.

त्यांचा तेव्हाचा चेहरा कोणत्याही पोराला बघायला लागू नये.

मामीनंही ऐकलं. पदर खोचला आणि चालू लागली.

ऊन उतरत होतं. मामाजी सगळ्यांच्या पुढे, 'बंड्या, बंड्या' करत, आवाज फाटलेला. विहिरीपाशी पोचले आणि थांबले. वाकून बघायची हिंमतच होईना त्यांची. दिवसभर शिडीवर चढून काम करणारा माणूस, काठापासून दोन हात लांबच उभा.

मामी पुढे झाली. वाकली. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पलीकडच्या बोरीमागून आवाज आला. "मामी, मी इथंच हाओ."

विहिरीपासून पंधरा पावलांवर. मांडी घालून बसला होता पठ्ठ्या. खिशातली बोरं खात.

मामाजी मटकन खाली बसले. त्याला जवळ ओढून विचारलं, पळाला नाहीस का तू?

बंडू म्हणाला, "मामीनं सांगतलं होतं ना, चकव्यात बसाचं."

बंडूला तेव्हा धड अक्षरं जुळवता येत नव्हती. अंक मी वाचला होता. त्यानं नुसतं मामीचं ऐकलं होतं.

पुढच्या अंकात मामाजींनी रणजूला पुन्हा चकव्यात टाकलं आणि बसवलं. अख्खं पान. सहाही चौकटींत रणजू नुसता बसलेला. संपादक भडकले. मामाजी म्हणाले, छापा नाहीतर दुसरा पेंटर बघा. छापलं शेवटी. पोरांची चिडकी पत्रं आली, 'रणजू डरपोक झाला' म्हणून. ती पत्रं मामाजींनी जन्मभर सांभाळली.

मामी तीन वर्षांपूर्वी गेली. मग मामाजींना हळूहळू काही आठवेना. आम्हालाही ओळखेनात.

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी दार सताड उघडं आणि मामाजी गायब. महालातल्या गल्ल्या, अंगावर येणाऱ्या गाड्या, आणि त्यात हा भोळा म्हातारा. तीन तास शोधलं आम्ही.

बंडूला सापडले. गांधीबागेच्या बाजारात, एका बंद कापड दुकानाच्या पायरीवर. मांडी घालून. चपला बाजूला नीट काढून ठेवलेल्या.

बंडूनं विचारलं, मामाजी, इथं काहून बसले?

त्यांनी बंडूला ओळखलं नाही. पण त्याचा हात धरला आणि म्हणाले, "चकवा लागला गा मले. पण पळालो नाही. माही बायको म्हणे, बसाचं. कोणीतरी येते."

आज सकाळी शेवटच्या श्वासापर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता. या वेळी मी नाही सोडला.

मामाजी, उठा आता. मामी आली असेल शोधायला.

या.